लोखंडाला नमस्कार

“बेड चारमधला युअर मॅन निघाला घरी. बूटसुद्धा घातले त्याने,” ब्रीडाने मला कॉरिडॉरमध्येच गाठून सांगितलं. ब्रीडा म्हणजे आमच्या डे-वॉर्डची सीनियर नर्स. तिच्या तोंडी ‘युअर मॅन’ म्हणजे नुसता ‘तो बाबा’. माझा मॅन, म्हणजे नवरा, ओंगार उपनगरात घरी घोरत होता.

२०१७ सालची गोष्ट. सकाळचे पावणेआठ वाजले होते. मी डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. पेशंटला झोपवायचं, झोपेत नीट श्वास चालू ठेवायचा आणि काम झालं की उठवायचं, हे माझं काम. बूट घातलेल्या पेशंटला झोपवता येत नाही.

बेड चारवर होते मिस्टर अडेबायो. वय अठ्ठावन्न, नायजेरियातल्या योरुबा लोकांपैकी, ब्लँचर्डस्टाउनच्या बाजूला टॅक्सी चालवायचे. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं. ऑपरेशन दोनदा कॅन्सल झालेलं. एकदा बेड नव्हता, एकदा त्यांचं बीपी चढलं. मधल्या काळात एक खडा सरकला, स्वादुपिंडाला सूज आली आणि गडी मरता मरता वाचला. आज निघून गेले असते तर पुन्हा वेटिंग लिस्टच्या शेपटाला. आणि पुढचा खडा काही वेटिंग लिस्ट बघून सरकणार नव्हता. मला खरंच भीती वाटली त्यांच्या जिवाची.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“नाही म्हणाले,” ते म्हणाले. आणि त्यांनी समोरच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

टेबलावर पुठ्ठ्याचं भांडं होतं. पेशंटला उलटी आली तर आम्ही जे हातात देतो, ते. त्यात कोला नटच्या चार फाका पडल्या होत्या. कोला नट म्हणजे त्यांच्याकडची मोठी सुपारीच समजा, फक्त आपोआप चार फाकांत सुटणारी. प्रश्न विचारायचा, फाका टाकायच्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की होय. इथे तीन पालथ्या होत्या आणि एकटी बिचारी उताणी.

दुसरा कुणी डॉक्टर असता तर हसला असता. मला हसायची सोयच नव्हती. मी कुडाळकडची. आमच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. माझ्या मेडिकलच्या ॲडमिशनचासुद्धा कौल लावला होता बाबांनी. देव आधी हो म्हणाला, मार्कलिस्ट नंतर आली.

“प्रश्न काय विचारलात?”

“आज ऑपरेशन करू का?”

“आणि नाही आल्यावर?”

“बूट घातले.”

“अहो, असं कुठे असतं! आमचा गुरव असता तर दुपारपर्यंत हलला नसता. देव नाही म्हणाला म्हणजे कुणाचा तरी मान राहिलेला असतो. तो कुणाचा, ते विचारा की.”

अडेबायोंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. “तुम्ही ख्रिश्चन?”

“हिंदू.”

“हां. मग तुम्हाला कळतं,” ते म्हणाले आणि त्यांनी एक बूट काढला. एकच.

मी म्हटलं, “निर्णय तुमचा. नाही म्हणालात तर मी तसं लिहीन, कुणी रागावणार नाही. पण विचारायचंच असेल तर नीट विचारा. माझ्याकडे दहा मिनिटं आहेत.”

मग ते फाका गोळा करता करता सांगायला लागले. सगळ्यांच्या वर एकच देव, ओलोडुमारे. त्याला रोजच्या कटकटींसाठी कुणी उठवत नाही. खालची खाती ओरिशांकडे, म्हणजे हाताखालच्या देवांकडे. नदी ओशुनकडे, वारा-वादळ ओयाकडे, लोखंड ओगूनकडे. आणि सगळ्यांच्या आधी एशूला द्यायचं, नाहीतर निरोपच पुढे जात नाही.

“आमच्याकडे आधी गणपती,” मी म्हटलं.

“आमच्याकडे संत असतात,” ब्रीडा बीपीचा पट्टा गुंडाळत म्हणाली. “हरवलेल्या वस्तूंना सेंट अँथनी, घशाला सेंट ब्लेझ. सेम थिंग.”

“सेम नाही. आमचे जेवतात. तुम्ही तुमच्या अँथनीला कधी काही खायला घालता?”

“नाही.”

“म्हणून तुमच्या किल्ल्या सापडत नाहीत.”

ब्रीडाने नकळत खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पेशंटने किल्ल्यांचं कारण पहिल्यांदाच सांगितलं, असं ती नंतर म्हणाली.

बाहेर खुर्चीवर मिसेस अडेबायो बसल्या होत्या. त्या चर्चच्या, पक्क्या. नवऱ्याचा कोला म्हणजे त्यांना सैतानाचं सामान. डोळे मिटून, मोठ्याने, येशूकडे नवऱ्याचा जीव मागत होत्या. दाराच्या आत नवरा तेच मागत होता. मागणी एकच, काउंटर वेगळे.

अडेबायोंनी विचारायला सुरुवात केली. मान राहिलाय का? फाका पडल्या: दोन-दोन. होय. कुणाचा? एशूचा? नाही. ओशुनचा? नाही. ओगूनचा? दोन-दोन.

अडेबायोंनी कपाळावर हात मारला. “मी मूर्ख! चाकू लोखंडाचा. टॅक्सी लोखंडाची. तीस वर्षं मी त्याच्याच जिवावर गाडी चालवतो, आणि त्याला न विचारता त्याच्या चाकूखाली झोपायला निघालो!”

“काय हवंय त्यांना?” मी विचारलं. मनात म्हटलं, कोंबडा म्हणू नका, महाराजा.

“नमस्कार. कापायच्या आधी कुणीतरी लोखंडाला नमस्कार करायचा. ‘ओगून ये’ म्हणायचं, म्हणजे ओगूनचा जयजयकार.”

माझा जीव भांड्यात पडला. खंडेनवमीला आमच्या घरी विळीपासून बाबांच्या स्कूटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं. मी स्वतः शिकत असताना हॉस्टेलवर स्टेथोस्कोपला झेंडू वाहिलाय. म्हटलं, “करते मी. लिहून देते.” आणि सहीच्या फॉर्मवर खाली रिकाम्या ओळी असतात, तिथे इंग्रजीत लिहिलं: ‘कापण्यापूर्वी लोखंडाला नमस्कार करणे.’

त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. दोन-दोन. दुसरा बूट निघाला.

इथे सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत झकास, व्हायला हरकत नव्हती. पण विचारून झालं की कोला खायचा असतो. त्यांनी एक फाक उचलली, तोंडाकडे नेली, आणि ब्रीडाने झेप घालून त्यांचं मनगट धरलं. “फास्टिंग!”

हे फास्टिंग उपासाचं नव्हे. भूल दिल्यावर पोट सैल पडतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. त्यातून माणूस दगावतो. म्हणून तोंडात काही गेलं की ऑपरेशन रद्द. म्हणजे देवाने दिलेली परवानगी देवाच्याच प्रसादाने रद्द झाली असती.

अडेबायोंनी ती फाक माझ्यापुढे धरली. “डॉक्टर, ही जरा...”

माझा उजवा हात पुढे गेला, डावा त्याच्या खाली गेला, फाक डोळ्यांना लागली आणि तोंडात गेली. मी काही केलं नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने केलं.

“...सांभाळून ठेवाल का, म्हणत होतो,” ते म्हणाले.

काडेचिराईत परवडलं इतकी कडू. थुंकणार कुठे? प्रसाद! मी चावत राहिले. ब्रीडा भिंतीकडे तोंड करून हलत होती. अडेबायो इतके हसले की पोट धरून कण्हायला लागले. मग एकदम गंभीर झाले.

“तुम्ही माझा कोला खाल्लात. आता तुम्ही माझं वाईट होऊ देऊ शकत नाही.”

खाल्ल्या मिठाला जागणं मला शिकवायची गरज नव्हती. त्यांनी सही केली.

थिएटरमध्ये मात्र माझी पंचाईत होती. सर्जन मिस्टर लिनन. इथे सर्जनला डॉक्टर म्हटलेलं चालत नाही, मिस्टर म्हणायचं. ते कशावरही विश्वास ठेवणारे नव्हते. फक्त ठरावीक विटक्या टोपीशिवाय ऑपरेशन करायचे नाहीत, आणि ‘आज काम शांत आहे’ असं कुणी म्हटलं तर त्याला बाहेर काढायचे.

अडेबायो झोपले होते. न बोलता काम सुरू झालं असतं तर कुणालाच कळलं नसतं. कोला नटमध्ये कॉफीसारखं कॅफीन असतं. माझं काळीज नगाऱ्यासारखं वाजत होतं. कापायच्या आधी टाइम-आउट असतो. सगळे थांबतात, पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, ॲलर्जी, हे मोठ्याने म्हणतात. शेवटी सर्जन विचारतो, “आणखी काही?”

“आहे,” मी म्हटलं. “लोखंडाला नमस्कार करायचाय.”

“काय?”

“पेशंटने त्या अटीवर सही केलीय. फॉर्मवर आहे.”

लिनननी फॉर्म वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचला. मला वाटलं, गेली आपली नोकरी. मी ट्रेपासून चार हात लांब उभी राहून हात जोडले आणि म्हटलं, “ओगून ये!” घाबरल्यामुळे जरा जोरातच.

लिनन ट्रेमधल्या हत्यारांकडे मान झुकवून म्हणाले, “हाउ आर यू, लॅड्स.” आणि हात पुढे केला. “नाइफ.”

पित्ताशय चाळीस मिनिटांत बाहेर. एक थेंब जास्तीचं रक्त नाही.

रिकव्हरीत अडेबायोंनी डोळे उघडले. ऑपरेशन कसं झालं, हे विचारलंच नाही. “नमस्कार केला?”

“मी केला. सर्जननेही केला. ‘हाउ आर यू, लॅड्स’ म्हणाले.”

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “अदबीने म्हणाले?”

“त्यांच्या मानाने फारच.”

“मग चालेल,” ते म्हणाले आणि माझा हात धरून रडले. मीही रडले थोडी. कॅफीन होतं.

मिसेस अडेबायोंनी येशूचे आभार मानले. ब्रीडा म्हणाली, तिने सेंट अँथनीला शब्द टाकला होता. माणूस जवळजवळ हरवलाच होता ना! लिनन म्हणाले, पोटात घालायचा नवा कॅमेरा अप्रतिम आहे. मी कुणालाच खोडून काढलं नाही.

त्या दिवसापासून सही घेण्याआधी मी पेशंटला विचारते, “अजून कुणाला विचारायचं राहिलंय का?” त्याला फार तर दहा मिनिटं लागतात. ऑपरेशन रद्द केल्याचा फॉर्म चार पानी आहे.