लाकडी कपाटातल्या आठ काचा

भारनियमनाच्या त्या वर्षांत मी पंचवटीत एका खोलीत एकटी राहायचे आणि वीज गेली तरी साठवलेली माहिती पुसली जाणार नाही, अशा मेमरीसाठी लागणाऱ्या चुंबकीय मिश्रधातूंवर पीएच.डी. करायचे. नाशकात या विषयावर बोलायला कुणी नव्हतं. मी शिकवायचे त्या कॉलेजात सांगायला लागलं की बाकीचे प्राध्यापक "छान" म्हणून पेपर तपासायला घ्यायचे. मग मी स्वतःशीच वाद घालायचे आणि हरायचेही मीच.

प्रयोग साधा होता. नखाएवढ्या आठ काचांवर कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचा पातळ थर होता. त्याला एका दिशेनं चुंबकत्व द्यायचं, वर्षभर हात लावायचा नाही, आणि मग ती दिशा टिकली का ते मोजायचं. दुसरं चुंबक जवळ आलं तर सगळी मेहनत पाण्यात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरं पट्टीचुंबकं घेऊन हिंडायची, म्हणून मी काचांची डबी खोलीवरच्या लाकडी कपाटात ठेवली.

माझे वडील, आबा, सायखेड्याहून वांगी घेऊन बाजाराला यायचे. माल दिला की माझ्याकडे जेवायचे आणि दुपारच्या एस.टी.नं परत जायचे. तेवढाच खोलीत माणसाचा आवाज. काचांचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं.

आठव्या महिन्यात मी ताटं वाढत असताना त्यांनी पिशवीतून आपला रेडिओ काढला आणि कपाटात त्या डबीला टेकवून ठेवला.

"तुला एकटीला करमत नसंल, म्हनून आनला. लाइट गेली तरी चालतो."

रेडिओच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. मी किंचाळलेच. "त्या डबीजवळ चुंबक आणायचं नसतं, आतलं सगळं पुसलं जाईल! कळत नाही तर माझ्या खोलीत येऊन हात कशाला लावता?"

त्यांनी रेडिओ उचलला, चपला घातल्या आणि जिना उतरले. मी मागे गेले नाही. आधी डबी उघडून बघितली. नुसत्या डोळ्यांना काय दिसणार होतं? ताटं तशीच राहिली.

पुढं ते खालूनच हाक मारायचे, भाजीची पिशवी द्यायचे आणि निघायचे. चुकलं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

वर्ष भरल्यावर मोजमाप झालं. आठही काचा जशाच्या तशा होत्या. त्या चुंबकानं काहीही बिघडलं नव्हतं. पुढच्या बाजाराला मी धावत खाली गेले.

"आबा, सगळं नीट आहे. चुकलं माझं. वर चला, जेवायला केलंय."

त्यांचा चेहरा उजळला. "टिकलं ना? मला लय घोर लागला होता."

"चला मग."

"नाय पोरी. काय जवळ न्यावं अन् काय नाय, मला नाय समजत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. कपाट आता रिकामं आहे, असंही मी सांगून बघितलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

त्या खोलीत मी आणखी चार वर्षं राहिले. आबा दर बाजाराला आले, पण जिना चढले नाहीत.