वैशालीचा कौल

वैशालीने त्या सकाळी चहात दोनदा साखर घातली, आमटीत मीठ घालायचं विसरली, आणि सासूबाईंनी "डोळं कुठं हायत गो तुझं?" असं विचारल्यावर खुदकन हसली. बेचाळीस वर्षांची बाई. मुलगी निशिगंधा पनवेलला नर्सिंग शिकतेय, नवरा निलेश रोह्याला कंपनीत रात्रपाळीला, आणि हिची अवस्था शाळेची सहल जाहीर झालेल्या पोरीसारखी.

कारणही तसंच होतं. वैशालीचं शिक्षण बारावीवर थांबलेलं. पुढे लेकीच्या अभ्यासाला शेजारी बसता बसता तिने स्वतःही घरबसल्या बी.ए. केलं. एसटीत बसली की खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराचं नाव शेजारणीला विचारायची तिची खोड, म्हणून विषय घेतला भूगोल. उन्हाळ्यात तिने गंमत म्हणून एम.ए.साठी दोन ठिकाणी अर्ज टाकले आणि गंमत अंगाशी आली. दोघांनीही बोलावलं! अलिबागच्या कॉलेजात इतिहास मिळत होता. रोज वडखळवरून जाऊन-येऊन, रात्री स्वयंपाकाला घरी. पुण्याच्या विद्यापीठात भूगोल, पण वसतिगृहात राहायचं, दोन वर्षं. होकार आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता. नाही कळवला तर दोन्ही जागा गेल्या.

पुणं हवंय हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला गेली की हसूच यायचं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात देवळातला जनू गुरव, नव्याकोऱ्या सदऱ्यात.

"कृष्णाबाय, कौल लावायचा म्हणलावतात ना? चला लवकर. मला पेणला जायचंय, गणपतीची मूर्ती सांगायला."

वैशालीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या आधीच नवं लुगडं नेसून बसलेल्या!

"पोथ्या वाचून काय ठरत नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "देवीला विचारू. चल गो."

देवळात जनूने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवून एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर मनातलं होणार, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "आये, ही तुजी लेक वैशाली, निलेशची बायको. शिकायला दोन वाटा आल्यात. मनात हाय ती वाट खरी असंल, तर उजवी दे!"

सासू-सुनेने डोळे मिटले. उघडले, तर उजवी पाकळी टपकन खाली.

"दिलान गो, दिलान!" कृष्णाबाईंनी सुनेला मिठीच मारली. वैशालीने वाकून नमस्कार केला तो तीनदा. घरी येताना दोघी अशा चालल्या, की रस्त्यावरच्या सीताबाईने विचारलंच, "काय कृष्णाबाय, लगीन ठरलं का कुनाचं?"

"सून अलिबागला शिकायला चालली!" कृष्णाबाई म्हणाल्या.

"पुण्याला!" वैशाली त्याच क्षणी म्हणाली.

दोघी थांबल्या.

"तू मनात काय धरलंवतंस?"

"पुणं. तुम्ही?"

"अलिबाग! दुसरं काय धरनार?"

रात्रपाळी करून आलेला निलेश ओट्यावर दात घासत होता. त्याला सगळं सांगितलं तर तो तोंडातल्या फेसासकट हसत सुटला. कृष्णाबाईंनी त्याला जनूला फोन लावायला लावला. जनू एव्हाना पेणच्या कारखान्यात, न रंगवलेल्या गणपतींच्या गर्दीत उभा होता.

"जनू, देवीनं उजवी दिलान, ती कंची?"

"तुमच्या मनातली."

"अरे पन मनं दोन व्हती!"

"मग मी काय करू काकू? मी नाव घेऊन गाऱ्हानं घातलं. मनात शिरत नाय मी कुनाच्या."

"परत लावू कौल?" निलेशने विचारलं.

"एका दिसात दोनदा इचारत नायत. देवी काय खुळी हाय?" असं म्हणून कृष्णाबाई उंबऱ्यावर बसल्या. वैशालीचं हसू मावळलं. सासूबाई नाही म्हणाल्या असत्या, तर ती अलिबागलाच गेली असती. उलट बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

"जनूनं नाव कुनाचं घेतलान?" कृष्णाबाईंनी एकदम विचारलं.

"माझं."

"नीट ऐकलंस ना? माजं नाय ना घेतलान?"

"नाही आई. 'तुजी लेक वैशाली' म्हणाले."

"मग झालं तर." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ज्याच्या नावाचं गाऱ्हानं, त्याच्या मनाचा कौल. मी आपली उगाच मधी अलिबाग धरून बसलेय. निल्या, दाब काय तां पुन्याचं बटन."

निलेशने मोबाइल बायकोपुढे धरला. घाईघाईत तिच्याकडून पहिल्यांदा भलतंच पान उघडलं आणि तिघंही ओरडली. दुसऱ्या वेळी होकार गेला. वैशालीने पदरात तोंड खुपसलं आणि ती हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. कृष्णाबाईंनी तिची पाठ थोपटत विचारलं, "आता आनिक काय पायजे तुला? गादी? बॅग? सांग ना गो."

वैशालीने तोंड पुसलं.

"आई, एकच. पहिला महिनाभर, कुठला डबा कुठे ठेवलाय हे विचारायला मला फोन करू नका."