पुणतांब्याचं इंजिन

आमच्या गाडीने भिंगारमधलं एक लग्न धुरात घालवलं, तेव्हा कुठे आमच्या ह्यांनी मान्य केलं की इंजिनात काहीतरी बिघाड आहे. तोवर ते "तिला जरा कफ झालाय" एवढंच म्हणत असत.

गाडी म्हणजे ती जुनी, पांढरी, गोल पाठीची डिझेल गाडी. पूर्वी अशा गाड्यांतून फक्त मोठे साहेब उतरायचे. ह्यांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि तेव्हापासून हेही साहेबांसारखेच उतरायला लागले. आधी दार उघडून थोडं थांबायचं, मग एक पाय बाहेर. स्वतः हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. नोकरीभर त्यांनी पिस्टन, रिंगा, नोझल, गॅस्केट यांची आवक-जावक सांभाळली. त्यातलं एकही कधी इंजिनात बसवलं नाही, पण त्याने त्यांच्या आत्मविश्वासात काही उणं पडलं नव्हतं. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. इंजिनातलं मला काही कळत नाही, हे आमच्या घरात लग्नापासून ठरलेलं आहे.

तर ते लग्न. आमच्या मंडळीतल्या एका मुलीचं होतं. चर्चमधून नवरा-नवरी बाहेर आले, पाकळ्या उधळून झाल्या, दोघं आमच्या सजवलेल्या गाडीत बसले. ह्यांनी किल्ली फिरवली. मागून धुराचा असा लोट उठला की पाळकसाहेब दिसेनासे झाले. नवरीचा पांढराशुभ्र झगा पाहता पाहता राखाडी झाला. लोक खोकत मागे सरले. फोटोग्राफर मात्र पुढे पळत आला.

"काका, अजून एकदा कराल का? ढगातून आल्यासारखं वाटतंय!"

ह्यांनी खरोखरच अजून एकदा केलं. जेवणाच्या वेळी नवरीच्या आईने मला वाढलं, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी तपास सुरू झाला. शेजारी निवृत्त सुभेदारसाहेब राहतात. त्यांनी रणगाडे चालवलेत, म्हणून आमच्या गाडीवर त्यांचा पहिला हक्क.

"धूर काळा आहे," ते म्हणाले. "हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बदला."

"निळा आहे," हे म्हणाले. "ऑईल जळतंय."

"काळा."

"निळा."

शेवटी रंगाचा निकाल लावायला माझी धुतलेली पांढरी चादर गाडीमागे दोरीवर टांगली. ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, सुभेदारसाहेब चादरीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. चादरीवर जो रंग उमटला तो दोघांनाही आपापला वाटला. ती चादर आता आम्ही पाहुण्यांना देत नाही.

मग मिस्त्री आले. भिंगारच्या बाजाराच्या टोकाला त्यांचं गॅरेज आहे, आणि आपलं निदान कधी चुकलं नाही असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. गल्लीतली सगळी गोळा झाली.

"नोझल," डोळे उघडून ते म्हणाले.

नोझल काढली, साफ केली, बसवली. धूर तसाच. मिस्त्रींनी परत कान लावला आणि या वेळी डिझेलच्या पंपाचं नाव घेतलं. पंपही करून आणला. धूर तसाच, फक्त आता गाडी सुरू व्हायलाही नखरे करू लागली. रविवारी उपासना संपली की मंडळी आधी आमच्या गाडीला धक्का मारायची आणि मग एकमेकांना सलाम करायची. पाळकसाहेबही झग्याच्या बाह्या सावरून हात लावत. एका रविवारी त्यांनी एकमेकांचं ओझं वाहण्यावर उपदेश केला, तेव्हा अर्धी मंडळी मागे वळून आमच्याकडे बघत होती.

शेवटी मिस्त्रींनी चालू इंजिनावरचं ऑईलचं झाकण काढलं. त्यातून किटलीच्या तोटीतून यावी तशी भकभक वाफ यायला लागली. मग गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासला. तिसऱ्या सिलिंडरपाशी काटा जागचा हलेच ना.

"रिंगा गेल्यात. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," मिस्त्री म्हणाले. "सिलिंडरचा बोअर आधीच इतक्या वेळा घासलाय की आता घासायला लोखंड उरलं नाही. क्रँकही गेलाय. दुसरं इंजिन टाका, साहेब."

"विकून टाकू या का गाडी?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ह्यांनाच विकायला काढलं होतं. सुभेदारसाहेबांनी टोपी नीट केली आणि ते घरी निघून गेले.

इंजिन बदलायचं ठरलं आणि ह्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. रोज संध्याकाळी सुभेदारसाहेब, मिस्त्री आणि हे आमच्या ओट्यावर बसायचे. कोणाचं इंजिन कोणत्या गाडीत बसतं यावर चर्चा. सुभेदारसाहेबांनी एकदा ट्रकचं सुचवलं. हे त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार करत होते.

सुप्याला एमआयडीसीच्या बाहेर एका भंगारवाल्याकडे इंजिन आहे असं कळलं. आम्ही गेलो. इंजिनाला चंदेरी रंग मारून, वर झेंडूचा हार घालून ठेवलं होतं.

"नव्यासारखं आहे," भंगारवाला म्हणाला.

ह्यांनी किल्लीने रंग खरवडला. खाली ब्लॉकला वेल्डिंगचा हा एवढा व्रण.

"म्हणजे मजबूत केलंय," तो म्हणाला.

आम्ही परत आलो. मग माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी सांगितलं की पुणतांब्याला त्यांच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याकडे अशीच गाडी आहे. बॉडी गंजलीय, पण इंजिन झकास. त्यांनी फोनवर बोलणंही करून ठेवलं.

राहुरी, श्रीरामपूर करत, वाटेत थांबून ऑईल ओतत आम्ही पुणतांब्याला पोचलो. शेतकरी पन्नाशीचे, अंगाने भरलेले, डोक्याला टॉवेल. त्यांनी आमचं स्वागत केलं, पण त्यांचं लक्ष आमच्या गाडीवर. ते तिच्याभोवती फिरले. दारं उघडून मिटून बघितली. वाकून खालचा पत्रा वाजवला.

"लई जपलीय वो साहेब तुमी."

हे फुलून गेले. "हाताने पॉलिश करतो मी."

"दिसतंय की. पत्रा कसा खनखनीत हाय." त्यांनी छतावर प्रेमाने थाप मारली. "तुमचं इंजिन तेवढं काढून न्या, मग झालं."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

सहकारी बाईंनी दोन्हीकडे इतकंच सांगितलं होतं की "त्यांच्याकडे तुमच्यासारखीच गाडी आहे, तुमचं काम होईल." आम्ही इंजिन न्यायला गेलो होतो. ते बॉडी ठेवून घ्यायला बसले होते. दोघांच्या मते समोरच्याची गाडी मेलेली होती आणि आपली फक्त आजारी.

त्यांची गाडी गोठ्याशेजारी होती. तळाला इतकी भोकं की बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकावेत. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला न उठवता त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. कोंबडीनेसुद्धा मान वर केली नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघताना मी त्यांना साखरपुड्यानंतर पाहिलं नव्हतं.

"माझ्या बापाची गाडी हाय ही," शेतकरी म्हणाले. "ह्याच गाडीत कांदा मार्केटला गेल्ता, ह्याच गाडीत त्याला दवाखान्यात नेलं हुतं. तिला तुमची बॉडी चढवली की परत उभी राहील."

"तसं नाही हो. आमच्या गाडीत हे इंजिन बसवलं की..."

"तसं कसं, साहेब? गाडी कोनाची म्हनायची मग?"

जेवण झालं, चहा झाला, तरी गाडी कोणाची म्हणायची ते ठरेना. शेवटी शेतकऱ्यांच्या बायकोने पदर खोचला. "मी काय म्हनते, दोनी बी भंगारात घाला. आमाला तिथं बाजरी वाळत घालायला जागा तरी हुईल."

"मलाही तेच वाटतं," मी म्हणाले.

दोघं एकदम आमच्याकडे वळले. इतका वेळ एकमेकांवर रुसलेले ते पुरुष पाहता पाहता सख्खे भाऊ झाले. बायकांना यंत्रातलं कळत नाही, जुन्या लोखंडाची सर नव्या पत्र्याला नाही, यावर त्यांचं इतकं मतैक्य झालं की त्या भरात पुढचा तोडगाही निघाला. त्यांचं इंजिन आम्हाला. आमचं इंजिन त्यांना, नदीकाठच्या पंपाला जोडायला, कारण विजेचा भरवसा नव्हता.

"धूर करतं ते," हे प्रामाणिकपणे म्हणाले.

"पान्याला काय त्याचं? पन एक हाय," शेतकरी म्हणाले. "वर्साला एकदा गाडी हितं आनायची. मला ऐकायचं हाय."

हे कबूल झाले.

कांद्याच्या टेम्पोतून, पोत्यात गुंडाळलेलं इंजिन भिंगारला आलं. निघताना त्या माउलीने त्याला हळद-कुंकू लावलं होतं. आमचं जुनं इंजिन काढून त्याच टेम्पोतून पुणतांब्याला पाठवलं. मिस्त्री म्हणाले, "अर्ध्या दिवसाचं काम. सेम टू सेम आहे." सेम टू सेम काहीच नव्हतं. इंजिन बसवायचे पाय जुळेनात, पंखा रेडिएटरला घासायला लागला, एक पाइप आखूड पडला. साखळीला टांगलेलं इंजिन आमच्या गल्लीत लोंबकळत राहिलं आणि येणारा-जाणारा त्याला हात लावून मत देऊन जाऊ लागला. मिस्त्रींनी शेवटी नवे पाय घडवून आणले आणि हे असंच होणार हे आपल्याला ठाऊक होतं म्हणाले. आरटीओत इंजिनाचा नवा नंबर चढवून घेण्याचं कामही ह्यांनी अशा उत्साहाने केलं की नातवंडाचं नाव शाळेत घालायला चाललेत असं वाटावं.

सुरू करायच्या दिवशी ह्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हटलं. सुभेदारसाहेबांनी सॅल्यूट ठोकला. कुंकू तर आधीच लागलेलं होतं. इंजिन सुरू झालं. कोणाच्या कृपेने, यावर वाद नको म्हणून सगळ्यांनी नव्या बॅटरीची तारीफ केली.

वर्षाने आम्ही पुणतांब्याला गेलो. शेतकरी रस्त्यावरच उभे होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, कान दिला, मग बोटाने इंजिनावरचा ऑईलचा ओघळ पुसला.

"आमच्याकडं असं चिकट न्हवतं हुत," ते म्हणाले.

ह्यांचे कान लाल झाले. तोंड उघडणार इतक्यात शेतकऱ्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या की. गावातून एक चक्कर."

हे आपली गाडी कोणाला चालवू देत नाहीत. मला तर नाहीच. पण किल्ली दिली. गाडी धुरळा उडवत वळणाआड गेली आणि परत येईना. हे आधी अंगणात फेऱ्या घालू लागले, मग रस्त्यावर. शेतकऱ्यांची बायको पेरूच्या फोडींना मीठ-तिखट लावत हसत होती.

"बसा वो साहेब. आता कशाचे येतात लौकर?"

बऱ्याच वेळाने गाडी आली. आत गावातली चार म्हातारी माणसं दाटीने बसलेली. त्यांना एकेकाला धरून उतरवलं. शेतकरी शेवटी उतरले. डोळे लाल होते, धुळीने असतील.

"बापाच्या मळ्यापातूर गेल्तो," ते म्हणाले. "तेच्या बरोबरीची मानसं घिऊन. तीबी लई वर्सं बसली न्हवती तिच्यात."

मला वाटलं, हे आता क्लचबद्दल बोलतील. ते नुसतं म्हणाले, "तापली का?"

"न्हाई."

"धूर?"

"न्हाई वो."

मग दोघांनी मिळून बॉनेट उघडलं. बिघडलेलं काही नव्हतं. तरी दोघं खांद्याला खांदा लावून आत बघत उभे राहिले. आम्ही दोघींनी हाका मारल्या, पेरू संपत आले म्हणून सांगितलं. त्यांना काही ऐकू गेलं नाही.