ब्लॅक बेल्टवरचं नाव

आमची आत्या माणसाकडे नंतर बघायची, आधी त्याच्या कपड्याला चिमटा काढायची. माझ्या लग्नात तिने भर मांडवात नवरदेवाच्या शेरवानीची बाही ओढून पाहिली आणि म्हणाली, "ताणतंय. खाली कागद लागेल." आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात, की आत्याबाईंनी आपल्याला पहिल्या भेटीतच नापास केलं.

कसबा पेठेत तिचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान होतं. कापड फ्रेममध्ये ताणून बसवलं की पुढची नक्षी मशीन काढतं. पण टोपी, मोजा, बाळाची कुंची, बॅगेचा खिसा ही मंडळी फ्रेममध्ये बसायलाच तयार नसतात. बाकीचे दुकानदार हात जोडायचे आणि आत्याचा पत्ता द्यायचे. ती फ्रेममध्ये नुसता चिकट कागद ताणायची, वस्तू त्यावर थापायची आणि कडेने कच्चा टाका घालायची. "पाहुणा खुर्चीत मावत नसेल तर त्याला कोंबू नये, सतरंजी घालावी," असं तिचं म्हणणं. कोणी गिऱ्हाईक मध्येच सल्ला द्यायला लागलं, तर चष्म्यावरून बघून विचारायची, "अहो, मग आपणच बसता का मशीनवर?"

मी आत्याच्या हाताखाली काम शिकत होते तेव्हा एकदा एक नर्सबाई आपल्या मुलीला, सुजाताला, घेऊन आल्या. मनगट मोडल्यामुळे सुजाताची कराटेची परीक्षा एकदा हुकली होती, पुढच्या खेपेला ती नापास झाली होती, आणि आता कुठे ब्लॅक बेल्ट मिळाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभात सर तो तिच्या कमरेला बांधणार होते. त्यावर तिचं नाव हवं होतं. बेल्ट एकच, जाड आणि अरुंद. सुई चुकली तर काळ्या साटीनवर भोकं कायमची राहणार. म्हणून सगळीकडून नकारच मिळाला होता.

"काकू, जमेल का हो?"

"ते नंतर बघू. आधी पोरीला बांधू दे."

टेबलावर सरळ दिसणारं नाव कमरेवर उलटं लोंबतं, आणि भलेभले तिथेच फसतात. सुजाताने बेल्ट बांधला, तेव्हा आत्याने लोंबत्या टोकावर अक्षरांची दिशा दाखवणारा बाण खडूने काढला. मग ते टोक कागदावर चिकटवून दोन्ही कडांना कच्चा टाका घातला. उरलेला बेल्ट खाली ओढ घेत होता. तो तिने नर्सबाईंच्या हातात दिला.

"हे शेपूट धरा. ओढू नका, अडवू नका. फ्रेम जाईल तिकडे नुसतं सोबत जा."

मशीन सुरू झालं. जाड शिवणीवर सुई करकरली. नर्सबाई श्वास रोखून फ्रेमबरोबर डावीकडे-उजवीकडे डुलत होत्या. शेवटचं अक्षर झालं, आत्याने कच्चा टाका उसवला, कागद टरकावला आणि म्हणाली, "घ्या. आता श्वास घेतलात तरी चालेल."

आत्या गेली, दुकान आता मी चालवते. तिची उणीव रोज भासते. पण तिची आठवण येते ती दुसऱ्या दिवशीच्या त्या सभागृहातली. नर्सबाईंनी समारंभाला आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. सरांनी गाठ आवळली, सुजाता आमच्याकडे वळली आणि बेल्टवर तिचं नाव आलं सुलटं, ठसठशीत, मागच्या रांगेतूनही वाचता येईल असं. नर्सबाई रडत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. सत्तरी ओलांडलेली आमची आत्या खुर्चीवरून उठली, दोन बोटं तोंडात घातली आणि तिने अशी सणसणीत शिट्टी मारली की कराटेचे सरच दचकून मागे सरले.