हात लावला म्हणजे लावला

टाळ्या वाजत होत्या आणि रत्नप्रभाताईंच्या कानशिलावरची शीर तडतडत होती.

"वा ताई, वा! याले म्हणतात डोकं!" विठ्ठलरावांनी टेबलावर अशी थाप मारली की ढिगातले चार चिंचोके उडून खाली गेले. "साकेत, तुह्या पुण्याच्या पोकरले आमच्या दारव्ह्याच्या बाईनं पाणी पाजलं न बाप्पा!"

साकेत हरला होता, तरी सगळ्यांत जोरात टाळ्या तोच वाजवत होता. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं. याला माहीत आहे. आपण काय केलं ते या खोलीत एकट्या याला माहीत आहे, आणि तरी हा टाळ्या वाजवतोय.

दारव्ह्याच्या वाचनालयाचा मागचा हॉल गेली बावीस वर्षं रविवारी रत्नप्रभाताईंचा असतो. पाटबंधारे ऑफिसात त्या लिपिक होत्या, तेव्हापासून. निवृत्त झाल्या, गुडघे गेले, सायकल सुटली, रविवार सुटला नाही. बुद्धिबळाचे बारा पट, बारा संच, त्यांतल्या दोन संचांत घोड्याच्या जागी औषधाच्या बाटलीची बुचं. शिकायला मुलीच जास्त. बोरी अरबची निकिता एसटीनं येते, आणि गाडी चुकली तर रडत फोन करते, "ताई, माह्या पटावर कोणाले बसवू नका!"

खेळ त्यांना वडिलांनी शिकवला. वडील तलाठी, वर्षादोन वर्षांनी बदली, दर गावात नवा जोडीदार कुठून आणणार? म्हणून पोरीलाच समोर बसवलं. दोन गोष्टी मात्र पक्क्या घोटून घेतल्या. एक, सोंगटीला हात लावला की तीच चालायची, मग वजीर जावो नाहीतर राजा. दुसरी, डाव संपला की उठायचं नाही. जिंकलेल्यानं आधी आपल्या चुका सांगायच्या, मग हरलेल्यानं, आणि लिहिलेल्या चालींच्या कागदावर दोघांनी सही करायची. ताईंच्या वहीत चुकीच्या चालीपुढे लाल पेनानं दोन प्रश्नचिन्हं असत. सर्वांत जास्त लाल त्यांच्या जिंकलेल्या डावांत.

एक्क्याण्णव साली यवतमाळला जिल्हा स्पर्धेत शेवटच्या फेरीत त्यांच्यासमोर बसले होते बोरी अरबचे विठ्ठलराव. तेव्हा तरुण, मिशांना पीळ, मागे कापसाची आणि तुरीची शेती. एक्केचाळीस चालींत मात झाली. विठ्ठलराव उठले, सही न करता दारापर्यंत गेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नशीब होतं बाईचं. नाहीतर काय!"

एक्केचाळीस चाली. एका चालीतही नशिबाला शिरायला फट नव्हती. पण पुढची पस्तीस वर्षं दारव्ह्यात तेच चाललं. ताई जिंकल्या की नशीब, ताई हरल्या की बाईचं डोकं.

आता तेच विठ्ठलराव वाचनालयाचे अध्यक्ष. आणि साकेत त्यांचा भाचा, ताईंचाच विद्यार्थी. आठ वर्षं त्याच हॉलमध्ये बसलेला. पुण्याला गेला, फोनवरच्या पोकरच्या कंपनीत लागला. सरकारनं फोनवरचं बंद केल्यावर त्यानं नवी योजना काढली: गावोगावी पोकरसाठी हॉल घ्यायचे, पैसे लावायचे नाहीत, प्रवेश फी आणि गुण. फलकावर 'बुद्धीचा खेळ'. रविवारचा हॉल त्याला हवा होता.

"ताई, बुद्धिबळ येणाऱ्याला पोकर येतंच," कार्यकारिणीपुढे तो म्हणाला होता. "धीर तोच, हिशोब तोच, समोरच्याला वाचणं तेच. तुमचंच शिक्षण आहे हे."

"माझं शिक्षण माझ्यापाशी राहू दे. पत्ता कोणता येईल ते कोणाच्या हातात असतं?"

"पत्ता नशिबाचा. खेळणं डोक्याचं."

विठ्ठलरावांना वाद नको होता. पोळा नुकताच झाला होता. "पोळ्यापासून गणपतीपर्यंत घरोघरी पत्ते बसतातच, त्याले कोणी नाही म्हणत नाही. एक करू. ताई, तुम्ही साकेतसमोर बसा. पत्त्यांचा गंध नाही न तुम्हाले? हरल्या तर नशिबाचा खेळ, हॉल पोरींचा. जिंकल्या तर डोक्याचा खेळ, हॉल साकेतचा. मंजूर?"

आणि ताई म्हणाल्या, "मंजूर." हरणार याची खात्री होती त्यांना. अशी अट घालणाऱ्या माणसाला एका डावात काही सिद्ध होत नाही हे कळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण हरायचंच आहे तर वाद कशाला, असा विचार केला. मुद्दाम हरायचं मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ते त्यांना येतच नाही.

तर शनिवारी दुपारी टेबलावर चिंचोके आले. प्रत्येकाला पन्नास. साकेत, विठ्ठलराव, कापडदुकानाचे देवीलाल आणि ताई. दोन पत्ते प्रत्येकाच्या हातात झाकलेले, पाच पत्ते मध्ये सगळ्यांचे, ते टप्प्याटप्प्यानं उघडायचे. ज्याची जुळणी मोठी, त्याचा ढीग.

तासाभरात ताईंकडे तीस चिंचोके उरले होते. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांच्या हातात सत्ती आणि दुर्री आली. विठ्ठलराव आणि देवीलाल पत्ते टाकून मोकळे झाले. मध्ये चार पत्ते उघडले: राजा, गुलाम, नव्वी, सत्ती. साकेतनं सहा चिंचोके पुढे सरकवले. आपणही सहा काढावेत म्हणून ताईंनी ढिगावर तळहात ठेवला, आणि तेवढ्यात त्यांना साकेतचा चेहरा दिसला. लहानपणी मात दिसली की तो खालचा ओठ दातांत धरायचा. तसाच धरला होता. याच्याकडे मोठं काहीतरी आहे. पत्ते टाकून द्यायला हवेत.

पण हात लागला होता. सहा चिंचोक्यांना नाही, अख्ख्या ढिगाला.

पोकरमध्ये असा नियम नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी हात मागे घेतला नसता. वडिलांपुढे कधी घेतला नव्हता. त्यांनी सगळा ढीग पुढे ढकलला.

"आई शप्पथ!" देवीलाल म्हणाले.

साकेतनं तेवढेच चिंचोके लावून दोन एक्के उघडे केले. ताईंनी सत्ती आणि दुर्री ठेवली. शेवटचा पत्ता उघडला: दुर्री. सत्त्यांची जोडी, दुर्र्यांची जोडी. एक्के हरले. साकेतकडे मूठभर चिंचोके उरले, ते दोन डावांत गेले.

आणि आता टाळ्या.

"फ्लेक्स लावू बसस्टँडवर," विठ्ठलराव सांगत होते. "ताईंचा फोटो. काल बुद्धिबळाची राणी, आज पोकरची महाराणी!"

"बसा," ताई म्हणाल्या.

"काय झालं?"

"डाव संपला की उठत नाहीत. बसा म्हणते न!" वीस मुलींना एका आवाजात गप्प करणारी ती बाई, तिघंही बसले. ताईंनी पिशवीतून वही काढली, लाल पेन काढलं, आणि पत्ते पुन्हा होते तसे मांडले. "इथं माझी चूक झाली. हातात कचरा होता. चव्वेचाळीस पत्ते झाकलेले, त्यात माझ्या कामाचे पाच. नऊ वेळा असं बसले असते तर आठ वेळा गेले असते. दोन प्रश्नचिन्हं."

"ताई, पोकरमध्ये डाव झाल्यावर असं काही..." साकेत हसला. "टाकलेले पत्तेसुद्धा कोणी दाखवत नाही."

"म्हणूनच तुम्हाले चुका कळत नाहीत. आता सांग, मी ढीग काहून ढकलला?"

"हिंमत, ताई. चेसवाल्यांची—"

"साकेत."

त्यानं पत्ते सरळ करायला घेतले.

"आठ वर्षं माह्या हाताखाली होता तू. माहा तळहात ढिगावर गेला तेव्हा तू पाहून राह्यला होता. मी काहून ढकलला?"

"बाप्पा, जाऊ द्या न," विठ्ठलराव मध्ये पडले. "जिंकल्या तर कोणी असं भांडते का?"

"भांडते! पस्तीस वर्षं डोक्यानं जिंकले तवा नशीब म्हटलं तुम्ही. आज एकदा नशिबानं जिंकले तर डोकं म्हणता! माहं डोकं तुम्हाले कधी दिसलं? जवा तुमच्या कामाचं झालं तवा?"

देवीलाल खाली पडलेले चिंचोके वेचायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"ताई, एका डावाचं सोडा," साकेत हळू आवाजात म्हणाला. "हजार डाव खेळा. नशीब सारखं होतं, कौशल्य उरतं. हे खोटं आहे का?"

खोटं बोलणं ताईंना जमलं नसतं. "खोटं नाही. धीर कामी येतो, आकडेमोड कामी येते, तेही खरं. पण पटावर सगळी मोहरी उघडी असतात, माझी आणि तुझी. इथं निम्मा खेळ झाकलेला. आणि हजार डाव कोण खेळतं रे? तू खेळशील, तुझं ते कामच आहे. या हॉलमध्ये फी भरून येणारा पोरगा चार डाव खेळेल. त्या चारांत काय असतं?"



ताईंनी वहीत शेवटची ओळ लिहिली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. 'हात लागला म्हणून चाल. नशिबानं जिंकले.' खाली स्वतःची सही, शेजारी मोकळी जागा.

"हरलेल्याची सही."

"ताई, हे चेस नाहीये."

"तूच म्हणाला न, तेच आहे म्हणून."

वही बंद करून परत द्यावी म्हणून साकेतनं तिच्यावरचं पेन उचललं. उचललं आणि थबकला. ताई त्याच्या बोटांकडे पाहत राहिल्या. त्याचे कान लाल झाले, नऊ वर्षांचा असताना व्हायचे तसे.

त्यानं सही केली. मग म्हणाला, "मामा, त्यांनी हात लावला होता म्हणून ढकललं. मला माहीत होतं."

"मग झालं," देवीलाल टेबलाखालून म्हणाले. "नशिबाचा खेळ. हॉल पोरींचा."

विठ्ठलरावांनी मिशीवरून हात फिरवला. "राह्यला बाप्पा, रविवार तुमचा राह्यला. कायले तोंड पाडू?" आणि उठता उठता हसले. "शेवटी बाईचं नशीबच जोरदार!"

ताईंनी चिंचोके हातानं सरसकट बाजूला लोटले. कपाटातून पट काढला, त्यातल्या त्यात पूर्ण असलेला संच काढला आणि सोंगट्या मांडायला लागल्या. प्यादी इतक्या जोरात आपटत होत्या की साकेत दोन पावलं मागे सरकला.

"बसा, विठ्ठलराव. पांढरे तुमचे."

"आत्ता? आणि मी जिंकलो तर हॉल—"

"हॉल डावावर लावायला हा पोकर नाही." त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, दोन्ही नावं लिहिली, खाली सह्यांसाठी दोन रेघा मारल्या. "एक्क्याण्णवची एक सही राह्यली आहे तुमची. बसा."

विठ्ठलरावांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग भाच्याकडे. साकेतनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.