आपली गल्ली शेवटी

साल २००९. मे महिन्यातला शेवटचा रविवार. मिरजेत तेव्हा रोज साडेचार तास वीज जात असे. जेवण, झोप, पाणी भरणं, सगळं लोकांनी त्या वेळापत्रकाला बांधून टाकलं होतं.

निर्मलाबाई शिरगावकरांच्या घरात मात्र एक खोली अशी आहे, जिथे वीज कधीच जात नाही. यजमानांची, केशवरावांची खोली. केशवराव वीज उपकेंद्रात चौतीस वर्षं ऑपरेटर होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या टेबलावर आता तीन काळ्या पेट्या गुरगुरत असतात आणि टेबलाखाली बॅटऱ्यांची रांग आहे. त्या पेट्यांना सर्व्हर म्हणतात, आणि त्यांच्या पोटात एक अख्खं रान आहे.

रान मुक्ताचं. मुक्ता ही केशवरावांची भाची. तिनं आणि इरफान मुजावरनं मिळून हा खेळ रचला. गावोगावची माणसं आपापल्या घरून संगणकावर त्या एकाच रानात शिरतात आणि राक्षसांशी लढतात. निर्मलाबाईंना खेळता येत नाही, पण बघत बसायला फार आवडतं. मुक्ताचे राक्षस म्हणजे नुसते अंगावर धावून येणारे सोंगाडे नव्हेत. जखमी खवीस लंगडत आपल्या डोहाकडे जातो. मुंजा आपला पिंपळ सोडून सात पावलांपुढे येत नाही. हडळ माणसाला हूल देऊन पोरांपासून लांब नेते. "एवढ्याशा डोक्यात एवढ्या सगळ्यांचे स्वभाव मावतात कसे गं?" असं त्या मुक्ताला नेहमी विचारतात.

आज मुक्ता आमरसाला हातसुद्धा लावत नाही.

"दोन घास तरी खा."

"मामी, सहाला जत्रा आहे."

"जत्रेला काय उपाशी जायचं असतं?"

"तिची वाटी खविसांना वाढा मामी," इरफान म्हणतो, "ते एका पायावर तयार आहेत."

जत्रा खेळातलीच. दर रविवारी सहाला ढोल वाजतो आणि रानाच्या वेशीतून सहाशे माणसं एकदम आत घुसतात. गेले तीन रविवार ढोल वाजला की सर्व्हर बसतो. माणसं जागच्या जागी गोठतात, राक्षस हवेत लटकतात. पुण्याच्या भागीदारांनी निर्वाणीचं सांगितलंय: अर्धे राक्षस काढा, आणि तरीही आज बसला, तर खेळ बंद.

"मग काढ की अर्धे," निर्मलाबाई म्हणतात.

"कोणते काढू?" मुक्ताचा आवाज चिरकतो. "कोणी जवळ नसलं की मी त्यांना झोपवते मामी. झोपलेल्याचा भार पडत नाही. पण ढोल वाजला की अडीच हजार जण एका क्षणात उठतात आणि एकाच क्षणी विचार करायला लागतात. माणूस कुठाय, वाट कुठली, धावू की लपू. तिथंच सगळं अडतं."

निर्मलाबाई भांडी ओट्याशी ठेवतात आणि केशवरावांच्या पलंगावर आडव्या होतात. तीन पेट्यांची घरघर कानाशी आहे. उपकेंद्रातून आल्यावर केशवरावांच्या सदऱ्याला चिकटून यायची तीच घरघर. डोळे मिटतात.

घरघर मोठी होते. पायाखाली खडी आहे. उपकेंद्राच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर बसलेत, गुडघ्यात मान घालून. जवळ गेल्यावर कळतं, ते खवीसच आहेत, झोपेत घोरताहेत.

"चहा आणलास?"

केशवराव. बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"गेलो म्हणून चहा सोडला, असं कोणी सांगितलं तुला?"

हातात थर्मास आहेच. त्या ओततात. चहातून वाफ येते, पण पेला हाताला थंडगार लागतो.

"मुक्ताचं रान बघितलंत?"

"बघतोय की. पोरगी हुशार आहे. झोपवायला शिकली." ते बशीत चहा ओततात. "झोपवणं सोपं असतं गं. उठवणं कठीण."

आता ते मंगल कार्यालयात, वऱ्हाड उतरतं त्या जानोशात आहेत. लांबलचक दालन, गाद्यांवर गाद्या, आणि वऱ्हाड म्हणून आलेले शेकडो राक्षस आडवेतिडवे झोपलेत. कोणाचं शिंग कोणाच्या उशीवर. एक हडळ उलट्या पावलांवर पांघरूण ओढून घेते. दालनाला न्हाणीघर एकच.

"आता बाहेर बँड वाजला तर?" केशवराव विचारतात.

"सगळे एकदम त्या न्हाणीघराकडे."

"मग?"

"मग लग्नाचा विचका."

ते हसतात. तेच हसू, एका गालातलं. ते निर्मलाबाईंचा पदर हातात घेतात आणि दाराजवळच्या खविसाला बोटानं हलकेच डिवचतात. तो उठतो, जांभई देतो, बाहेर जातो. केशवराव पदराला एक गाठ मारतात. थांबतात. मग पुढच्याला.

आणि निर्मलाबाईंना सगळं आठवतं. तालुक्याची वीज परत आली की हा माणूस सगळ्या फीडरना, म्हणजे एकेका भागाकडे जाणाऱ्या तारांना, एकदम वीज कधीच सोडायचा नाही. सोडली, तर सगळ्या मोटरी, सगळे फ्रीज एकदम ओढ घेतात आणि आलेली वीज पुन्हा जाते. म्हणून एकामागून एक. आधी इस्पितळ. मग पाण्याचे पंप. मग पिठाच्या गिरण्या, बाजार, वरची पेठ, खालची पेठ. प्रत्येकाच्या मध्ये वीस आकडे मोजायचे. चौतीस वर्षांत त्यांच्या पाळीत आलेली वीज परत गेली, असं एकदाही झालं नाही.

आणि सातवी, सर्वांत शेवटी, स्वतःची गल्ली.

उंबऱ्यात त्या उभ्या आहेत. खालच्या पेठेत दिवे लागलेत, पलीकडच्या आळीतही. शेजारच्या बायका कट्ट्यावरून हसतात, "ऑपरेटरसाहेबांच्या घरी मेणबत्ती का हो, वहिनी?" केशवराव पायरीवर बसून सहावी गाठ आवळताहेत.

"आपली गल्लीच शेवटी का असायची हो?" निर्मलाबाई विचारतात. आयुष्यभर विचारायचं राहून गेलेलं. "मी किती बोलणी खाल्ली."

"ज्याला वाट बघता येते, त्याला शेवटी ठेवायचं. इस्पितळाला येत नाही. तुला येते."

"अजून बघतेच आहे. किती बघू?"

ते सातवी गाठ मारतात, डाव्या हातानं, दातांत टोक धरून.

"वीस मोज," ते म्हणतात.

त्या मोजायला लागतात. अकराव्याला त्यांना जाग येते.

पंखा फिरतोय. घड्याळात सव्वाचार. पदर जड का लागतोय म्हणून त्या बघतात, तर त्याला ओळीनं सात गाठी. एक सोडवू जातात तर सुटत नाही. केशवराव डावरे. त्यांची गाठ नेहमी उलटी पडायची आणि ती सोडवताना निर्मलाबाईंचं नख मोडायचं.

नख मोडतं.

त्या तशाच बाहेर येतात. "मुक्ता, सगळ्यांना एकदम उठवू नकोस. वेशीजवळचे आधी. मग थोडं थांबून त्यांच्या मागचे. सात टप्पे कर. मामा फीडर सोडायचे तसे."

मुक्ता बघतच राहते. इरफान खुर्ची ओढतो. "पण मामी, टोकाच्या खविसानं कधी उठायचं?"

"माणूस तिथं पोचायच्या आत. किती वेळ लागतो चालत?"

"तीन मिनिटं."

"मग एवढी घाई कसली त्याला?"

मुक्ता मोठ्यानं हसते, आणि हसता हसता रडायला लागते. लहानपणी उपकेंद्रात मामांच्या शेजारी बसून वीसपर्यंत मोजायला तीच तर शिकली होती. दोन वर्षं त्यांच्याच टेबलावर काम केलं, तरी हे तिला आठवलं नव्हतं.

पावणेसहाला काम संपतं. सहाला ढोल वाजतो. सहाशे माणसं रानात शिरतात. वेशीवरचे खवीस उठतात, त्यांच्यामागचे मुंजे, मग हडळी. निर्मलाबाई पडद्याकडे बघत पुटपुटत मोजताहेत. घरघर वाढते, वाढते आणि स्थिरावते. शेवटी रानाच्या टोकाच्या डोहातून म्हातारा खवीस निवांत डोकं वर काढतो, तेव्हा पहिला माणूस नुकता काठावर पोचलेला असतो. एकही राक्षस कमी केलेला नाही.

तो खेळ पुढे सहा वर्षं चालला. जत्रेला पुन्हा सर्व्हर बसला नाही. मुक्ता आता बंगळुरात मोठ्या खेळांमधल्या प्राण्यांचे स्वभाव लिहिते. हाताखालच्यांना पहिल्या दिवशी ती वीसपर्यंत मोजायला लावते, असं म्हणतात. इरफान मिरजेतच राहिला. इस्पितळाचे संगणक तो सांभाळतो. पुण्याच्या भागीदारांनी ती युक्ती आपल्याला सुचली होती असं चारचौघांत सांगितलं, पण मुक्तानं कधी वाद घातला नाही. गाठींची साडी तिच्या कपाटात आहे, एक गाठ नखाचा ओरखडा पडलेली.

निर्मलाबाई २०१९ साली गेल्या, एकोणनव्वदाव्या वर्षी, दुपारच्या झोपेत. कट्ट्यावरून हसणाऱ्या त्या सगळ्या बायका तोवर एकेक करून गेल्या होत्या. गल्लीतल्या त्या पिढीतल्या निर्मलाबाई तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचा नंबर नेहमीसारखा शेवटी लागला.