संत्र्याच्या सालींनी पकडून दिलेली वाफ

सिंगापुरात माझं काम होतं वाफेच्या पाइपांतली गळती शोधण्याचं. नवरा चांगी बिझनेस पार्कात, बँकेच्या एसीत बसणारा. तो मित्रांना सांगायचा, "हिला इथला उकाडा पुरत नाही, म्हणून ही बॉयलरपाशी जाऊन बसते." हसू दे मेला. गळती हाताशी यायच्या आधी छातीत जी धडधड होते, ती त्याच्या एक्सेलमध्ये मिळत नाही.

त्यातली सगळ्यात मोठी धडधड पाया लेबारजवळच्या एका लॉन्ड्रीतली. हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. ओली चादर वाफेवर तापलेल्या मोठ्या रुळांमध्ये घालायची, पलीकडून ती कोरडी, कडक इस्त्रीची बाहेर यायची. पण काही महिन्यांपासून वाफेचा जोर पुरत नव्हता. चादरी दमट निघायच्या आणि हॉटेलवाले त्या परत पाठवायचे. शेवटी मालकाने ठरवलं, सोमवारपासून इस्त्री बंद, चादरी सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला जातील. जाता जाता एक प्रयत्न म्हणून त्याने आमच्या कंपनीला फोन केला आणि शुक्रवारी सकाळी मी तिथे हजर झाले.

रुळांच्या तोंडाशी चादरी घालायला एक चिनी आंटी होती. साठीची, बारीक, हाताला भयंकर वेग. मी हातमोजे चढवत होते तेव्हा ती जवळ आली. "यू मस्ट फाइंड, हां. ओल्ड वुमन, हू वाँट?" म्हणाली आणि हसली. इस्त्री बंद म्हणजे तिची नोकरीही बंद. तोवर मला ते फक्त पाइपांचं काम वाटत होतं.

आमच्याकडे गळतीचा आवाज पकडणारं यंत्र असतं. कानाला हेडफोन लावायचे आणि यंत्राचं नळकांडं पाइपांवरून फिरवायचं. पण त्या हॉलमध्ये सगळंच फुसफुसत होतं. सकाळभर मी घामाने निथळत एकेक सांधा तपासला. बॉयलर ठणठणीत होता. वाफ कुठेही बाहेर येताना दिसत नव्हती. मालक दर थोड्या वेळाने येऊन माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचा. मला त्याचा असा राग आला होता!

बारा वाजले आणि हॉल एकदम शांत झाला. सिंगापुरात आभाळ कोसळलं तरी जेवणाची वेळ चुकत नाही. सगळी यंत्रं बंद करून माणसं जेवायला गेली. मीही डबा काढणार, एवढ्यात बॉयलर भक्कन पेटला. थोडा वेळ चालून थांबला, आणि लगेच पुन्हा पेटला. मी उभीच राहिले. वाफ घेणारं एकही यंत्र चालू नव्हतं, तरी बॉयलरला वाफ कमी पडत होती. म्हणजे कुणीतरी चोरून पीत होतं! डबा तसाच ठेवून मी धावत सुटले.

धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगामागे एक अरुंद बोळ होता. तिथून जुन्या ड्रायरांची लाइन जायची. ड्रायर कधीच काढून टाकलेले, लाइनही बंद. "देअर नथिंग," असं मालकाने सकाळीच सांगितलं होतं, म्हणून मी तिकडे फिरकले नव्हते. बोळात शिरले तर समोर आंटी. मला बघून तिने पत्र्याचा एक ट्रे झटकन पाठीमागे लपवला.

"नॉट स्टीलिंग! ऑरेंज स्किन ओन्ली. डोन्ट टेल बॉस, कॅन?"

चायनीज न्यू इयरला घरात आलेल्या संत्र्यांच्या साली तिने वाळत घातल्या होत्या, सूपमध्ये घालायला. आतल्या पाइपांवर खायची वस्तू ठेवायला सक्त मनाई होती. मी तिला धीर द्यायला एक साल उचलली आणि ती माझ्या बोटांत कट्कन मोडली.

आता, वाळवणातलं मला कळतं. आदल्या वर्षी हौसेने सेंगकांगच्या फ्लॅटच्या खिडकीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. त्या दमट हवेत पापड्या वाळल्या तर नाहीतच, वर त्यांना हिरवी लव आली. आणि इथे, आठवडाभर पाऊस असताना, बंद बोळात साल कुरकुरीत?

"कुठे ठेवली होतीस?" मी मराठीतच ओरडले. तिला बरोबर कळलं. तिने बोट दाखवलं त्या पाइपाजवळ मी हात नेला आणि चटकन मागे घेतला. बंद लाइन चटके देत होती. ती लाइन बंद ठेवणाऱ्या व्हॉल्व्हला यंत्र लावलं तर हेडफोनमध्ये नुसता गडगडाट! व्हॉल्व्ह आतून झिजलेला, आणि त्यातून निसटलेली वाफ जमिनीखालच्या नळीने थेट गटारात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी आंटीला मिठीच मारली. ट्रे खाली पडला.

मग मुख्य वाफ थांबवून मी बोलावलेल्या आमच्या कंपनीच्या माणसांनी त्या जुन्या लाइनच्या तोंडाशी लोखंडी चकती बसवली. दुपारी बॉयलर पुन्हा सुरू झाला. प्रेशरचा काटा चढत गेला आणि तिथेच राहिला. आंटीने पहिली चादर घातली, पलीकडून ती खडखडीत कोरडी आली. कुणीतरी शीळ घातली. मी तर चक्क नाचले.

मालकाने त्या चादरीवरून दोनदा हात फिरवला. सोमवारचा ट्रक नको म्हणून जोहोरला फोन केला. मग मला विचारलं, "हाऊ यू फाइंड?"

आंटीचे हात थांबले. रूळ रिकामेच फिरत राहिले.

"मशीनने," मी हेडफोन दाखवत म्हटलं.

तिने पुढची चादर घातली.

संध्याकाळी निघताना ती मला त्या बोळात घेऊन गेली. पाइपावर तळहात ठेवला. पाइप गार पडला होता. तिने हात काही वेळ तसाच राहू दिला. मग सालींची पिशवी माझ्या हातात कोंबत म्हणाली, "लास्ट बॅच. यू टेक."